अंधारात रोप उंच का होतं?

जामच्या चौरस्त्यावरून कुठल्याही दिशेला निघा, पावसाळ्यात सोयाबीन, कपाशी आणि तूर दिसणारच. आज आपण या पिकांचे पहिले पाच-सहा दिवस बघू. दुबार पेरणीचा खर्च अंगावर येणार की नाही, हे बरंचसं याच दिवसांत ठरतं.

आधी ओळखीची गोष्ट घ्या. नवरात्रात घराच्या कोपऱ्यात बसवलेल्या घटातलं धान नऊ दिवसांत उंच, नाजूक आणि पिवळसर होतं. तेच बी अंगणात पेरा, रोप बुटकं आणि हिरवंगार येतं. फरक उजेडाचा.

मग उजेड नसताना वाढ जास्त कशी? रोपाच्या लेखी अंधार म्हणजे 'मी अजून मातीखाली आहे'. बियातली शिदोरी मोजकी, म्हणून ती पानांवर न खर्चता खोड लांबवायला वापरायची. अंधारात 'पिफ' नावाची प्रथिनं ऑक्झिन बनवणारी जनुकं चालू ठेवतात. ऑक्झिनमुळे पेशीची भिंत सैल होते, पेशी पाणी ओढून लांब होते. जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक वाढीला अडवणारी प्रथिनं बाजूला करतं. उजेड लागला की फायटोक्रोम लाल प्रकाश टिपतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि पिफ मोडीत निघतात. खोडाची धाव मंदावते, पानं उघडतात.

आता शेतात या. सोयाबीनचं रोप दोन्ही डाळिंब्या वाकलेल्या मानेवर घेऊन वर येतं. वरची माती घट्ट असली, तर रोपात इथिलीन वायू साचतो; खोड आखूड, जाड होतं आणि मानेचा आकडा आवळून राहतो. पण पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन काळ्या जमिनीवर पपडी धरली, तर मान मोडते. तुरीच्या डाळिंब्या मातीतच राहतात, तिला हे ओझं नाही. म्हणून सोयाबीन ३ ते ५ सेंटीमीटरपेक्षा खोल नको. जितकं खोल, तितकी शिदोरी वाटेतच संपते.

आणि दाटही नको. शेजारची पानं लाल प्रकाश शोषून घेतात, अतिलाल तेवढा उरतो. त्यानं फायटोक्रोम बंद पडतं, पिफ पुन्हा कामाला लागतात. भर उजेडात रोपं उंच, बारीक होतात आणि वाऱ्यानं लोळतात. पीक उंच दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. आधी बुंधा बोटात धरून बघा.