हात न्यूयॉर्कमध्ये, पोट फ्रान्समध्ये!

एक कोडं घालू? पेशंट फ्रान्समध्ये. डॉक्टर अमेरिकेत. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर! आणि तरीही डॉक्टर त्या पेशंटचं ऑपरेशन करताहेत. फोनवरून सूचना देऊन नाही हं, स्वतःच्या हातांनी!

थाप वाटतेय ना? पण हे खरंखुरं घडलंय!

तारीख होती ७ सप्टेंबर २००१. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ६८ वर्षांच्या एक आजी ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्या होत्या. त्यांचं पित्ताशय काढायचं होतं. पित्ताशय म्हणजे यकृताला खालून चिकटलेली छोटीशी पिशवी. आणि त्यांचे डॉक्टर, झाक मारेस्को, बसले होते थेट न्यूयॉर्कमध्ये!

आजींच्या शेजारी होता झ्यूस. हा एक रोबो. त्याला डोकं? नाही! पाय? तेही नाहीत! नुसते तीन लांबलचक हात. एका हातात कॅमेरा, दोन हातांत अवजारं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांनी मूठ वळवली की फ्रान्समध्ये झ्यूसचा हात वळायचा. महासागर ओलांडणाऱ्या केबलमधून निरोप सुसाट धावत होता. हात हलवल्यापासून ती हालचाल पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ लागायचा, ओळख बघू! एका सेकंदाच्या सहाव्या भागाहूनही कमी!

केबलने मध्येच दगा दिला असता तर? म्हणून आजींजवळ दुसरे डॉक्टर तयारच होते. पण त्यांची गरजच पडली नाही. तासाभराच्या आत पित्ताशय बाहेर. दोन दिवसांनी आजी घरी!

आता तू म्हणशील, पोटात तीन-तीन हात घातले, म्हणजे केवढं कापलं असेल!

तीच तर गंमत! पूर्वी पित्ताशय काढायला कधीकधी वीतभर लांब चीर द्यावी लागायची. आता पुरतात तीन-चार बारीक भोकं, प्रत्येक जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून पेन्सिलीएवढी बारीक अवजारं. आपल्याकडे याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. जखम छोटी, म्हणून दुखणं कमी, आणि पेशंट लवकर घरी. भारतात असं पित्ताशयाचं पहिलं ऑपरेशन कुठे झालं, माहितेय? आपल्या मुंबईत! १९९० साली, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केलं.

पण थांब! पोटात तर सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. मग अवजारं हलवायला जागा कुठून आणायची?

सोप्पं! पोट फुगवायचं! हो, चक्क वायू भरून. कुठला वायू? सोड्याच्या बाटलीत बुडबुडे काढतो ना, तोच कार्बन डायऑक्साइड. तोच का? कारण तो पेट घेत नाही, आणि आत तर गरम अवजारं वापरायची असतात. शिवाय थोडासा वायू रक्तात मिसळला तरी काळजी नाही. रक्त तो फुप्फुसांत नेतं आणि पेशंट श्वासावाटे बाहेर टाकतो. पोटात भरलेला वायू नाकातून बाहेर!

या ऑपरेशनात एक मोठी पंचाईत असते. लांब दांडी छोट्या भोकातून आत गेली की तिचा होतो सी-सॉ. बाहेरचं टोक वर, तर आतलं खाली! हात डावीकडे, तर अवजार उजवीकडे! सगळंच उलटं! डॉक्टरांना अशा उलट्या हातांनी टाके घालायला शिकावं लागतं.

इथे रोबो मदतीला येतो. आजचा सगळ्यात गाजलेला रोबो म्हणजे दा विंची. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली. डॉक्टर त्याच खोलीत, थोडे बाजूला बसतात आणि एका पेटीत डोळे लावतात. आतलं सगळं दहापट मोठं दिसतं! डॉक्टरांचा हात डावीकडे गेला की अवजारही डावीकडेच. त्याला पोटाच्या आत वळणारं इवलंसं मनगटसुद्धा असतं. डॉक्टरांचा हात तीन सेंटिमीटर सरकला, तर अवजाराला एकच सेंटिमीटर सरकवता येतं. हाताची बारीक थरथर तर रोबो गाळूनच टाकतो!

मग ऑपरेशन रोबो करतो का? मुळीच नाही! तो स्वतःहून काहीच ठरवत नाही. डॉक्टरांनी पेटीतून डोकं बाहेर काढलं की रोबोचे हात जागच्या जागी थांबतात. स्टॅच्यू!

आणि एक गोष्ट त्याला बरीच वर्षं अजिबात जमत नव्हती. स्पर्श! टाक्याचा दोरा किती ताणलाय, हे डॉक्टरांना नुसत्या नजरेनं ओळखावं लागायचं. आता कुठे काही नव्या रोबोंमधून तो ताण हाताला जाणवू लागलाय.

रोबो असतो खूप महाग. आणि बऱ्याच ऑपरेशनांत साधी दुर्बीणही तितकंच छान काम करते! खरी करामत असते ती शिकलेल्या हातांची.

आणि हे हात शिकतात कसे? खेळून! खरंच! एक खोका असतो. आत खुंट्या आणि सहा छोटे रबरी तुकडे. अवजाराने तुकडा उचलायचा, हवेतच दुसऱ्या हातातल्या अवजाराकडे द्यायचा, पलीकडच्या खुंटीवर अडकवायचा. मग सगळे परत! बघायचं मात्र फक्त पडद्यावर. नंतर कॉम्प्युटरवरची खोटी ऑपरेशनं. मग मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली खऱ्या ऑपरेशनातलं थोडंथोडं काम.

आता कान इकडे कर! २००७ साली अमेरिकेत ३३ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले जे डॉक्टर पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळायचे, त्यांच्या दुर्बिणीच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या! पण हे आईला वाचून दाखवायची घाई नको. ते गेमशिवाय कित्येक वर्षं अभ्यासही करत होते!

तुलाही करून बघायचंय? बुटांचा रिकामा खोका घे. झाकणाला दोन भोकं पाड. आत खोडरबराचे सहा तुकडे आणि दोन वाट्या ठेव. एका बाजूला खिडकी काप. तिथून मैत्रिणीला मोबाइलचा कॅमेरा धरू दे. भोकांतून दोन लांब काड्या आत घाल आणि फक्त स्क्रीनकडे बघत तुकडे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाक. कॅमेरा हलला की मैत्रिणीला ओरडा! ऑपरेशन थिएटरमध्ये नव्या डॉक्टरांना बरेचदा कॅमेरा धरायचंच काम मिळतं, आणि ओरडाही!

सहाच्या सहा जमले? मग जागा बदला. आता कॅमेरा तुझ्या हातात!