एक खिडकी, बारा चित्रे

लग्न, बाप्तिस्मा, गावचा सण, कोणताही प्रसंग घ्या. आपल्या घरांतील छायाचित्रे पाहिली म्हणजे सर्वांची धाटणी एकच दिसते. मंडळी भिंतीसमोर ओळीने उभी, हात अंगाशी चिकटलेले, श्वास रोखलेला. पूर्वी सबंध गावात कॅमेरा एखाद्याकडेच असे. आता तो प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे आणि दिवसाकाठी शंभर चित्रे फुकट निघतात. तरी धाटणी तीच. पाहण्यालाही तालीम लागते, आणि ती घरबसल्या करता येते, हे आम्हांस एका झेक छायाचित्रकाराच्या कामावरून उमगले.

त्याचे नाव योसेफ सुदेक. जन्म १८९६ चा. शिकलेला धंदा पुस्तकबांधणीचा. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी होऊन त्याचा उजवा हात गेला. एका हाताने पुस्तके बांधणे कसे व्हावे? तो छायाचित्रणाकडे वळला. प्राग शहरात एका अंगणातील लाकडी खोली हा त्याचा स्टुडिओ. १९३९ साली जर्मन सैन्याने शहर व्यापले. १९४० पासून तो या स्टुडिओच्या खिडकीचीच चित्रे घेऊ लागला, आणि १९५४ पर्यंत घेत राहिला. चौदा वर्षे, एक खिडकी! काचेवर कधी दव, कधी हिमाची नक्षी. पलीकडे अंगणातले एक वेडेवाकडे झाड. अलीकडे चौकटीवर पाण्याचा पेला, एखादे फूल. वस्तू त्याच त्या, परंतु उजेड दोन दिवस सारखा नसे.

हीच पहिली तालीम समजावी. घरातील एक खिडकी निवडून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिची बारा चित्रे घ्यावीत. बाराच का, असे कोणी विचारील. बडोद्यात बनलेला आगफा क्लिक-३ हा कॅमेरा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होता. त्याच्या एका रोलवर बाराच चित्रे निघत. रोलचे पैसे वेगळे, धुण्याचे वेगळे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी. ते बंधन आता आपणच घालून घ्यावयाचे, आणि काढलेले चित्र संध्याकाळपर्यंत उघडून पाहावयाचे नाही. हे फार जड जाते. आमची पहिल्या दिवसाची बारा चित्रे सकाळी दहाच्या आतच संपली होती.

दुसरी तालीम एका वस्तूची. अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन याने १९३० साली ढोबळी मिरची समोर ठेवून चित्रांमागून चित्रे घेतली. काही केल्या मनासारखे जमेना, तेव्हा त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या वक्र पत्र्यावरून उजेड उलटून मिरचीच्या घड्यांवर पडला, आणि कॅमेऱ्याचे भिंग कित्येक मिनिटे उघडे ठेवून त्याने जे चित्र घेतले ते जगप्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘मिरची क्रमांक ३०’. आधी किती वाया गेली असतील ते त्या आकड्यावरूनच ताडावे. आपल्याकडे कांदा आहे, विळी आहे, अडकित्ता आहे. जवळून, खालून, दाराच्या फटीतून, पाठमोरी, अशी एकच वस्तू बारा प्रकारे पाहावी. पाच-सहा चित्रांनंतर काही सुचेनासे होते. खरे काम तेथून पुढे.

तिसरी तालीम आम्हीच ठरविलेली : माणसाचे चित्र, पण चेहरा वर्ज्य. खानापूर तालुक्यातील आमची मावशी उंबऱ्याशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. दारातून तिरपे ऊन तिच्या हातांवर आले होते. सुजलेली पेरे, नखांच्या कडेच्या भेगा, रुतून बसलेली बारीक अंगठी. आम्ही कॅमेरा काढताच ती म्हणाली, “अरे, हातांचा कसला फोटो काढतोस? थांब, तोंड धुऊन येते.” आम्ही म्हणालो, “राहू दे मावशी, तू आपली निवडत राहा.”

पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. भिंतीवर लावण्यास फोटो शोधू लागलो, तो ओळखपत्रावरील एकच निघाला. डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या थोरल्या मुलीने तो पाहून बाजूस ठेवला. मग आम्ही हातांचे चित्र दाखविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “ही आई. पण दादा, त्या दिवशी तिचा चेहराही घ्यायचा होतास.”

आज ते चित्र त्यांच्या ओसरीवर चौकटीत आहे. आम्ही तालीम सोडलेली नाही. मात्र माणसाची बारा चित्रे झाली म्हणजे एक तेरावे काढतो. त्यासाठी त्यास तोंड धुऊन, केस विंचरून, हवे तसे बसू देतो. भिंतीसमोर, हात अंगाशी चिकटवून बसला तरी चालते.