एलडीपीसी डिकोडर: दोनच आकड्यांची करामत

५जीवरून येणाऱ्या डेटातले वाटेत बिघडलेले बिट एलडीपीसी (लो-डेन्सिटी पॅरिटी-चेक) कोड दुरुस्त करतो. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६२ मध्ये तो मांडला, पण तेव्हाच्या हार्डवेअरला तो झेपणारा नव्हता. १९९० च्या दशकात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी तो पुन्हा उजेडात आणला.

चिप बनवणाऱ्यांची खरी हुशारी दिसते ती पुढे. या कोडमध्ये काही ठरावीक बिटांचा मेळ बसतो का, हे पाहणाऱ्या अनेक तपासण्या असतात, आणि मूळ पद्धतीत प्रत्येक तपासणीला लॉगरिदमसारखी किचकट गणितं लागतात. 'मिन-सम' पद्धत ती चक्क टाळते. समजा, एका तपासणीकडे तिच्या चार बिटांकडून ५, -२, ७, ३ हे अंदाज आले. चिन्ह सांगतं बिट ० की १, आणि आकडा सांगतो खात्री किती. प्रत्येक बिटाला उत्तर द्यायचं ते इतरांतला सर्वात लहान आकडा आणि इतरांच्या चिन्हांचा गुणाकार. म्हणजे -२, ३, -२, -२. बघा, आकडे दोनच! ५जीत एका तपासणीला १९ पर्यंत जोडण्या असतात, तरी सर्वात लहान दोन आकडे, पहिल्याची जागा आणि चिन्हं एवढंच साठवलं की झालं. मेमरी केवढी वाचते! मला तर हे फारच सुंदर वाटतं.

या पद्धतीत खात्री जरा फुगते, म्हणून उत्तराला बहुधा ०.७५ ने गुणतात. हाच आकडा का? अर्धा अधिक पाव. बिट सरकवून एक बेरीज केली की काम होतं, गुणाकाराचं सर्किट लागतच नाही.