नातवंडांची मोटारीतील खुर्ची



मोहने-कल्याणकडची लेकरं माळशेज घाटाने सुट्टीला गावी येतात, तेव्हा नातू पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर असतो. करकचून ब्रेक लागला तर ते पोर हातात राहत नाही. त्याला मागच्या सीटवर वेगळी खुर्ची हवी.

सदरा वाढत्या अंगाचा घेतो, तशी खुर्ची घेऊ नये. सैल पट्टा कामाचा नाही. उंची-वजन पाहूनच घ्यावी. निदान सव्वा वर्षापर्यंत तोंड मागे ठेवून बसवावे. नंतर पट्ट्यांची खुर्ची. पुढे सुमारे पावणेपाच फूट उंचीपर्यंत उंच बैठक. म्हणजे मोटारीचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून जातो.

१ सप्टेंबर २०१९ पासून १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. सभासदांनी लेकी-सुनांना हे जरूर कळवावे, ही विनंती.