डोव्हिमा

डोव्हिमा (जन्मनाव: डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा, ११ डिसेंबर, १९२७ – ३ मे, १९९०) या अमेरिकन फॅशन मॉडेल होत्या. १९५०च्या दशकात सर्वाधिक मानधन घेणाऱ्या मॉडेलमध्ये त्यांची गणना होत असे. केवळ एकाच नावाने वावरणाऱ्या त्या पहिल्या मॉडेल मानल्या जातात.

== प्रारंभिक जीवन ==
डोव्हिमा यांचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला आणि बालपण तेथील क्वीन्स भागात गेले. वयाच्या दहाव्या वर्षी संधिज्वर झाल्याने त्यांना अनेक वर्षे अंथरुणाला खिळून राहावे लागले. शिक्षणही घरीच झाले. या एकाकी काळात त्या चित्रे काढत. आपल्या तीन नावांच्या आद्याक्षरांपासून (डो-व्हि-मा) बनवलेले नाव त्यांनी प्रथम एका काल्पनिक मैत्रिणीला दिले व पुढे स्वतःसाठी स्वीकारले.

== कारकीर्द ==
१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर 'व्होग' मासिकाच्या संपादकीय विभागातील एका व्यक्तीने त्यांना हेरले आणि लगेचच अर्व्हिंग पेन यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. समोरच्या दाताचा टवका उडालेला असल्याने त्या ओठ मिटूनच हसत. हे गूढ स्मित पुढे त्यांची ओळख ठरले. त्या काळी आघाडीच्या मॉडेलना तासाला सुमारे २५ डॉलर मिळत असताना डोव्हिमा ६० डॉलर घेत. १९५७च्या 'फनी फेस' या चित्रपटात त्यांनी मॅरियन नावाच्या मॉडेलची छोटी भूमिका केली.

== 'डोव्हिमा विथ एलिफंट्स' ==
ऑगस्ट १९५५ मध्ये रिचर्ड ॲव्हेडन यांनी पॅरिसच्या सर्क दिव्हेर या सर्कशीत हे छायाचित्र घेतले. पायांत साखळदंड असलेल्या हत्तींच्या मध्ये डोव्हिमा हात पसरून उभ्या आहेत. त्यांच्या अंगावरील पांढऱ्या रेशमी पट्ट्याचा काळा पोशाख डिओर या वस्त्रसंस्थेचा असून, त्याची रचना तेथे नुकतेच रुजू झालेल्या तरुण ईव्ह सँ लोराँ यांनी केली होती. हे छायाचित्र 'हार्पर्स बझार'मध्ये प्रसिद्ध झाले.

== उत्तरायुष्य ==
१९६०च्या सुमारास त्यांनी मॉडेलिंग सोडले. मॉडेलला मोबदला तासाच्या हिशेबाने मिळे. छायाचित्राच्या पुढील विक्रीत तिचा वाटा नसे. त्यामुळे चित्राचे मोल वाढत गेले, तरी त्याचा लाभ त्यांना झाला नाही. अखेरच्या वर्षांत त्या फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे एका पिझ्झा उपाहारगृहात ग्राहकांच्या स्वागताचे काम करत. वयाच्या ६२व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

== वारसा ==
या छायाचित्राची प्रत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. २०१० मध्ये पॅरिसमधील लिलावात त्याची एक मोठी प्रत डिओरने ८,४१,००० युरोंना विकत घेतली. ॲव्हेडन यांच्या छायाचित्राला तोपर्यंत मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती.