बटण बंद, विस्तव चालूच

रोह्याच्या बाजारपेठेत जुन्या वळणाची घरे अजून दिसतात. खाली दुकान, मागे कोठार आणि भटारखाना, जिन्याने वर गेले की कुटुंबाचे राहते घर. अशाच एका फरसाणाच्या दुकानाची कल्पना करावी. व्यापारी सिलिंडरचा खर्च झेपेनासा झाला म्हणून मालकाने पेलेट शेगडी घेतली आहे. लाकडाचा चुरा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड असा शेतीतला व लाकूड वखारीतला टाकाऊ माल यंत्रात दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या, हे तिचे इंधन. दिवसभर शेगडी उत्तम चालते. सायंकाळी शेवटचा घाणा निघतो, कारागीर बटण दाबून शेगडी बंद करतो आणि हातपाय धुवायला जातो. अर्ध्या तासाने मालक पाहतो, तर पंखा घुमतो आहे, जाळीखाली लाल उजेड आहे आणि कढईला हात लावता येत नाही. पुन्हा बटण दाबले जाते. काहीच होत नाही. शेवटी कोणीतरी वैतागून प्लग उपसतो. पंखा थांबतो आणि पाहता पाहता भटारखाना धुराने भरतो.

शेगडीत बिघाड असेलही. पण पहिली चूक समजुतीची आहे. गॅसचा कॉक फिरवला की इंधन तुटते आणि ज्योत त्याच क्षणी जाते. पेलेट शेगडीत जे इंधन एकदा पेटले, ते परत घेता येत नाही. बटणाचा हुकूम चालतो तो पुढच्या पुरवठ्यावर आणि वाऱ्यावर. पेटलेल्या विस्तवावर नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर नवे कर्ज देणे आजपासून थांबवता येते. दिलेले वसूल व्हायला मुदत लागतेच.

महाराष्ट्राला ही शेगडी नवी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनाच्या आधारावर ‘ऊर्जा’ या नावाची घरगुती पेलेट शेगडी बीपी या तेल कंपनीने २००६ च्या सुमारास बाजारात आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीने तो व्यवसाय चालवला. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांत प्रामुख्याने, अशा चार लाखांच्या आसपास शेगड्या विकल्या गेल्या. नंतर कांड्या महागल्या, घरगुती ग्राहक मागे हटला आणि कंपनीने हॉटेले व मोठ्या स्वयंपाकघरांकडे मोर्चा वळवला.

त्या छोट्या शेगडीची रचना लक्षात घेतली की पुढचे सारे सोपे होते. डब्यासारख्या भांड्यात सुमारे ६०० ग्रॅम कांड्या भरायच्या आणि वरच्या बाजूने पेटवायच्या. बॅटरीवरचा लहान पंखा खालून थोडा वारा देतो. वरच्या कडेला असलेल्या छिद्रांतूनही वारा येतो. आग वरून खाली सरकत जाते, कांड्यांतून ज्वलनशील वायू निघतो आणि तो वर येऊन जळतो. म्हणूनच ज्योत स्वच्छ असते. मात्र मध्येच पंखा बंद केला तर वायू निघणे थांबत नाही, फक्त त्याला जळायला हवा मिळत नाही. त्याचाच धूर होतो. ज्योत संपल्यावरही भरलेल्या मालाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका कोळसा धुमसत राहतो. अशी शेगडी ‘बंद होत नाही’ ही तक्रारच नव्हे. तो तिचा स्वभाव आहे. जेवढ्या वेळेचे काम तेवढ्याच कांड्या भरणे, एवढाच तिच्यावर इलाज.

मोठ्या भटारखान्यांतील काही शेगड्या याहून पुढारलेल्या असतात. अमेरिकेच्या थंड राज्यांत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तीच जात दिवाणखाना उबदार ठेवणारा हीटर म्हणून परिचित असेल. वर कांड्यांची पेटी, जिला कारागीर हॉपर म्हणतात. तिच्या तळाशी मळसूत्रासारखा फिरणारा स्क्रू. तो मोजून कांड्या जळण्याच्या भांड्यात टाकतो. ब्लोअर वारा देतो. बंद करण्याचा हुकूम मिळाला की स्क्रू थांबतो, पण ब्लोअर चालू राहतो. भांड्यातल्या उरलेल्या कांड्या जळून जाव्यात आणि धूर धुरांड्यावाटे बाहेर पडावा, अशी ती योजना असते. भट्टी निवल्याचे सेन्सरने कळवले की मग पंखा आपोआप थांबतो. यास २० मिनिटे ते पाऊण तास लागू शकतो. तेव्हा बटण दाबल्यावर दहाव्या मिनिटाला पंखा चालू दिसला, तर शेगडी बिघडलेली नसून आपले काम करते आहे.

पाऊण तास उलटूनही आग तशीच असेल, तर एकच गोष्ट पाहावी: भांड्यात नव्या कांड्या पडत आहेत का?

पडत असतील तर पुरवठा थांबलेला नाही. काही यंत्रांत तापमानाची कळ कमीत कमी केली तरी ज्योत फक्त मंदावते. बंद करण्याचा पर्याय वेगळा असतो. ही माहितीपुस्तिका वाचून सुटणारी गोष्ट आहे, आणि माहितीपुस्तिका बहुधा खोक्यातच राहिलेली असते. भिंतीवर वेगळा थर्मोस्टॅट जोडला असेल, तर त्याच्या दोन तारा कोठेतरी सोलून एकमेकींना चिकटल्या असण्याचा संभव असतो. मग शेगडीला सतत ‘उष्णता हवी’ असाच निरोप मिळत राहतो. शेगडी थंड असताना, वीज तोडून त्या तारा शेगडीच्या टोकाला सोडवाव्यात आणि पुन्हा चालवून पाहावे. आता पुरवठा थांबला, तर दोष शेगडीचा नाही, तारेचा आहे. तारा निर्दोष निघाल्या तर संशय पॅनेलमधल्या रिलेवर येतो. वारंवार उडणाऱ्या ठिणग्यांनी त्याची टोके एकमेकांना चिकटतात. पॅनेल ‘बंद’ दाखवते आणि स्क्रू फिरतच राहतो. बंद स्थितीत स्क्रूच्या मोटरला वीज पोहोचते आहे का, हे मीटर लावून तपासणे हे मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनचेच काम. काही शेगड्यांना स्क्रू नसतोच. खालच्या कांड्या जळतील तशा वरच्या आपल्या वजनाने घसरतात. तेथे पेटीखालची पत्र्याची सरकती झडप लोटली नाही, तर पेटी रिकामी होईपर्यंत आग चालणार.

कांड्या पडत नाहीत, आग गेली आहे, तरी पंखा तासन् तास थांबत नाही, असे असेल तर सेन्सरकडे वळावे. त्याच्यावर राखेचा व काजळीचा थर बसला की तो चुकीचा अंदाज देतो. काही यंत्रांतील तापमानाचा छोटा चकतीस्विच चिकटून बसतो. सेन्सर हा स्वस्त भाग, पॅनेल महागडे. पहिल्याच भेटीत पॅनेल बदलण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला आधी सेन्सर पुसून दाखवायला सांगावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. कांड्या पडत नाहीत, पंखाही थांबला, पण राखेखाली निखारे जिवंत आहेत. रोहा-पेणच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. भातगिरणीमागचा तुसाचा ढीग एकदा धुमसू लागला, की वरून काळा आणि थंड दिसत आतून किती काळ पेटता राहतो, हे येथल्या लोकांनी पाहिलेले असते. भाताच्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, आणि तूस जाळले की त्याचाही जवळजवळ पाचवा हिस्सा राख म्हणून उरतो. ती बहुतांशी सिलिका असते. कांड्यांत तूस जास्त मिसळले असेल तर भांड्यात राखेची जाड दुलई तयार होते आणि तिच्याखाली निखारा सुखाने नांदतो. परदेशी शेगड्या ज्या उत्तम प्रतीच्या लाकडी कांड्यांसाठी घडवलेल्या असतात, त्यांत युरोपीय प्रमाणाप्रमाणे राख ०.७ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. शेतीतल्या टाकाऊ मालाच्या आपल्या कांड्यांची राख त्याच्या कितीतरी पट असते. ती वितळून विटभट्टीतल्यासारखे खंगर बनले, की जाळीची छिद्रे बुजतात आणि मग ना आग नीट पेटते, ना नीट विझते.

चूल पेटवण्याआधी पुंजणीने हळुवार झाडून घेण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना रोज सकाळी थंड भांडे रिकामे करून छिद्रे मोकळी करणे जड जाऊ नये. जोडीला दाराची गादीही तपासावी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि पट्टी ओढायची; सहज निघून आली तर तेथून हवा आत जाते आणि निखारा जागा राहतो.

रोह्यात पावसाळा हा या शेगडीचा मोठा वैरी. कांड्या ओल खाऊन फुगतात, त्यांचा भुगा होतो, तो स्क्रूत घट्ट बसतो. चांगली कांडी हाताने मोडली की टक् असा आवाज येतो. नुसतीच चुरली तर ती बाजूला ठेवावी. पोती जमिनीला वा भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत. ओतण्यापूर्वी कांड्या चाळून घेतल्या तर भुगाही जातो आणि दमट पोत्यात शिरलेले कीटकही वेळीच दिसतात.

आता त्या उपसलेल्या प्लगकडे परत येऊ. पंखा थांबला की दोन गोष्टी घडतात. धूर धुरांड्याकडे न जाता खोलीत पसरतो, आणि उष्णता उलट दिशेने, स्क्रूच्या वाटेने इंधनाच्या पेटीकडे सरकू शकते. पेटीच्या झाकणातून धूर निघताना दिसला तर झाकण उघडू नये. हवा मिळाली की आत भडका उडतो. म्हणून शेगडी हट्टाला पेटली तरी पंखा चालू ठेवावा, झडप असेल तर लोटावी, तेलाची कढई जपून बाजूला घ्यावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि आग जळून संपू द्यावी. पाणी ओतण्याचा मोह आवरावा. वाफेने गरम राख उसळते, आतले अस्तर तडकते, शिवाय वीज जवळच असते. आग भांड्याबाहेर गेली तर माणसांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे. पावसात वीज जाते तेव्हा पंखा असाच अचानक थांबतो. त्याला लागणारी वीज थोडी असते. दुकानातील इन्व्हर्टरवर तो जोडून घेण्याचा खर्च सर्वांत आधी करावा असा आहे.

हा सारा खटाटोप का, याचे उत्तर वरच्या मजल्यावर आहे. अपुऱ्या हवेत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. डोके दुखणे, मळमळ, घेरी ही सुरुवातीची लक्षणे. जागा माणूस निदान बाहेर येईल, झोपलेल्याला ती कळतही नाहीत. रात्री शटर ओढलेले, पावसामुळे खिडक्या बंद, खाली राखेत निखारे, आणि उबदार हवेला वर जायला एकच मोकळी वाट, ती म्हणजे जिना. त्या जिन्याच्या वरच्या टोकाला मुले आणि वृद्ध माणसे झोपलेली असतात. डोळ्यांना धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, हा हिशेब येथे साफ चुकतो. या वायूची सूचना देणारी गजराची लहान यंत्रे मिळतात. एक भटारखान्यात आणि एक वर निजण्याच्या खोलीजवळ असावे. त्याच कारणाने राखेची बादली पत्र्याची आणि झाकणाची हवी. ती घराबाहेर दगडावर ठेवावी आणि निदान पूर्ण एक दिवस कचऱ्यात रिकामी करू नये.

चौविहार पाळणाऱ्या घरांत आणि भोजनशाळांत सूर्यास्ताआधी स्वयंपाकघर आवरायचे असते. तेथे वेळेचे गणित उलट मांडावे लागते. डिसेंबरात रोह्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेगडी निवायला पाऊण तास लागत असेल तर बटण पाचच्या आसपासच दाबले पाहिजे. जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तेव्हा सहा वाजता दाबलेले चालते. कारागिराच्या अंगवळणी पडलेली उन्हाळ्यातली वेळ हिवाळ्यात तशीच राहिली, की शेगडीवर बोल येतो.

दुकानाच्या रोजकीर्दीशेजारी एक पातळ वही ठेवली तर बिघाड आठवडाभर आधी कळतो. तिच्यात तीनच रकाने: बटण कधी दाबले, पंखा कधी थांबला, राखेत निखारा शेवटचा कधी दिसला. अर्ध्या तासावरून पन्नास मिनिटांवर आकडा सरकू लागला, की राख, सेन्सर किंवा कांड्यांचे नवे पोते, यांपैकी काहीतरी बदलले आहे. तिसरा रकाना भरल्यावरच शटर ओढावे आणि किल्ली वर न्यावी.