बुडबुड्यांचा मुलूख (लेखांक ६) : जमिनीखालचं घराणं

२३ फेब्रुवारी १९०० च्या रात्री फ्रान्सच्या शँपेन मुलखातल्या एपर्ने शहरात जमीन गडगडली. काही तासांनी पुन्हा एकदा. पोल रोजे या शँपेनच्या पेढीचं तळघर आणि त्यावरच्या इमारती खचून एकमेकींत मिसळल्या होत्या. आत ५०० पिंपं आणि १५ लाख बाटल्या गाडल्या गेल्या. पेढी काढणारे पोल रोजे आदल्याच डिसेंबरात वारले होते. मोरिस आणि जॉर्ज या त्यांच्या मुलांच्या हातात कारभार येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

कारण साधं होतं. ओला, गारठ्याचा हिवाळा आणि जमिनीत मुरलेलं पाणी. या मुलखाच्या पोटात खडूचा मऊ, पांढरा दगड आहे. तो पाणी शोषून धरतो आणि उन्हाळ्यात वेलीच्या मुळांना थोडं थोडं देत राहतो. पहारीने सहज निघतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात एपर्नेच्या पेढ्यांनी त्यात मैलोन्‌मैल भुयारं खणली. आत वर्षभर दहा अंशांच्या आसपास गारवा असतो, विजेचा खर्च नाही. पण खणायला सोपा दगड खचायलाही सोपा.

बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबवण होऊन बुडबुडे कसे तयार होतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. या वेळी मला एका घराण्याबद्दल लिहायचं आहे, कारण शँपेनच्या धंद्यातली खरी गुंतवणूक द्राक्षांपेक्षा वाट पाहण्यात आहे, आणि ती कोणाला परवडते हे तिथे नीट दिसतं.

पंधरा लाख बाटल्या एका वेळी तळघरात असण्यामागे काही विक्रीचं अपयश नव्हतं. आजचा नियम असा, की साधी शँपेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने आणि एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर किमान ३ वर्षं ठेवल्याशिवाय विकता येत नाही. चांगल्या पेढ्या त्याहून जास्त थांबतात. म्हणजे कुठल्याही दिवशी मोजा, तीन-चार हंगामांचा पैसा जमिनीखाली अडकलेला असतो. मजुरी, काच, बूच, द्राक्षांचं बिल सगळं आधीच चुकतं झालेलं, आणि वसुली अजून पुढच्या सालांवर. १९०० साली या दोन भावांच्या हातून निसटली ती ही मधली वर्षं.

पेढी बुडाली नाही. दोघांनी ती पुन्हा उभी केली आणि पुढे वडिलांचं नाव व आडनाव जोडून ‘पोल-रोजे’ हेच आडनाव कायद्याने लावून घेतलं. मोरिस एपर्नेचे महापौर झाले. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा आठवडाभर शहरात होत्या. सरकारी अधिकारी तिजोरीसह आधीच निघून गेले होते, तेव्हा मोरिस यांनी स्वतःच्या हमीवर कागदी नोटा काढून व्यवहार चालू ठेवले. गोळी घालण्याची धमकीही त्यांना मिळाली. त्याच महिन्यात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं तोफांच्या आवाजात द्राक्षं खुडत होती. १९१४ चं ते साल जाणकारांच्या लेखी फार मोठं ठरलं.

चर्चिलचा किस्सा सगळीकडे सांगितला जातो, म्हणून थोडक्यात. १९४४ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीतल्या जेवणात त्यांची ओदेत पोल-रोजे यांच्याशी ओळख झाली आणि मैत्री शेवटपर्यंत टिकली. शर्यतीतल्या एका घोड्याला त्यांनी पेढीचं नाव दिलं. १९६५ मध्ये ते गेल्यावर इंग्लंडला जाणाऱ्या बाटल्यांच्या लेबलाला काळी कडा आली, १९८४ मध्ये त्यांच्या नावाची खास शँपेन आली, आणि पेढीच्या दारावरचा रस्ताही आज त्यांच्याच नावाने आहे. मैत्री खरी होती यात शंका नाही. तिचा उपयोग करून घेण्यात घराणंही कमी पडलं नाही, आणि धंदेवाल्याने तो का करू नये?

मला जास्त रस आहे तो तळघरातल्या एका कामात. आंबवण संपल्यावर मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीत आडवा बसतो. तो तोंडाशी आणायला बाटल्या भोकं पाडलेल्या उभ्या लाकडी फळ्यांत मानेकडून खोचतात. कामगार फळीसमोर उभा राहतो आणि दोन्ही हातांनी एकेक बाटली धरून मनगटाच्या एका झटक्यात किंचित फिरवतो, जरा अधिक उभी करतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो. बुडाला पांढऱ्या रंगाची खूण असते, तीवरून बाटली कुठवर फिरली ते कळतं. सरावलेला माणूस दिवसाला ५० हजारांच्या आसपास बाटल्या फिरवतो. हातांचा टकटक असा ठेका सोडला तर भुयारात दुसरा आवाज नसतो. गाळ पूर्ण खाली यायला चार-सहा आठवडे लागतात.

बहुतेक पेढ्यांत १९७० च्या दशकापासून हे काम यंत्राच्या पिंजऱ्यात आठवड्याभरात होतं. पोल रोजेत ते अजून हाताने करतात. त्यामुळे चव सुधारते, हे मला तरी पटलेलं नाही. गाळ तो गाळ, यंत्राने आला काय आणि हाताने आला काय. चवीत फरक पडत असेल तर तो त्यांच्या सर्वांत खोल, ३३ मीटरवरच्या भुयारांतल्या जास्त थंडीने. तिथे आंबवण सावकाश चालतं आणि बुडबुडे बारीक राहतात. हाताचं काम मात्र एवढं नक्की सांगतं, की दर तीन महिन्यांनी भागधारकांना आकडे दाखवायची घाई इथे कोणाला नाही.

अशी चैन सगळ्यांना जमत नाही. मोएत, व्हव क्लिको, क्रुग, रुइनार, मेर्सिए ही सगळी नावं आज एलव्हीएमएच या एकाच समूहाची आहेत. द्राक्षमळ्याच्या हेक्टरला सरासरी दहा लाख युरोंच्या घरात भाव, त्यात वारस वाढत जातात आणि वाटे लहान होतात. मग कोणी चुलतभाऊ म्हणतो, विकून टाकू. तेतांजे घराण्याने २००५ मध्ये खरोखरच पेढी एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली, आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या एका वारसाने बँकेच्या मदतीने ती परत मिळवली. पोल रोजे अजून घराण्याकडेच आहे.

२०१८ च्या जानेवारीत, ते तळघर खचलं होतं त्याच जागी नवं बांधकाम सुरू असताना जमिनीत पोकळी लागली. आत फुटक्या काचांचा ढीग आणि त्यात एक शाबूत बाटली. शोधता शोधता २६ निघाल्या. मग पाऊस लागला आणि सगळं पुन्हा ढासळेल या भीतीने खोदकाम थांबवावं लागलं.

पण या वैभवकथेत एक बाजू राहून जाते. पोल रोजेचे स्वतःचे मळे सुमारे ९० हेक्टर. त्यातून गरजेच्या निम्म्याच्या आसपास द्राक्षं निघतात. बाकीची विकत घ्यावी लागतात. एकूण शँपेन मुलखात साधारण ३४ हजार हेक्टर मळे आहेत आणि त्यातले जवळजवळ ९० टक्के पेढ्यांचे नाहीत, शेतकऱ्यांचे आहेत. विक्री मात्र बहुतांश पेढ्यांच्या नावाने. ऊस आपल्या शेतात आणि काटा कारखान्याच्या फाटकात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. भाव कोण ठरवणार? बाहेरच्या मुलखातून स्वस्त द्राक्षं आणून त्यावर ‘शँपेन’ची चिठ्ठी लावणाऱ्या व्यापाऱ्याला कोण अडवणार? १९११ साली एपर्नेजवळच्या आयी गावात शेतकऱ्यांनी हे प्रश्न पेढ्यांना आगी लावून विचारले, आणि सरकारला फौज पाठवावी लागली. त्या दंगलीबद्दल पुढच्या आठवड्यात.